पातळ हवा

बाबा सोनेगावला टपालाचे थैले उतरवायचे.
मध्यरात्रीनंतर चार दिशांची चार विमानं
आमच्या नागपुरात येऊन उभी राहायची,
मद्रासचं पत्र कलकत्त्याच्या पोटात,
दिल्लीचं मुंबईच्या,
आणि पहाटेच्या आत सगळी पसार.
आमच्या घरासाठी त्यात कधी काही नसायचं.

रत्नाकरदादा सायकलच्या दांडीवर बसून जायचा,
परत येऊन मला हलवून सांगायचा
कोणतं विमान किती मिनिटं लेट.
सात वर्षांचा होता. लेट हा त्याचा पहिला इंग्रजी शब्द.
मला झोप प्यारी. मी कधी गेलो नाही.

पुढे तो बुकिंगच्या खिडकीत बसला,
मग खिडकीमागच्या खोलीत,
मग मुंबईत अशा मजल्यावर
जिथली खिडकी उघडतच नाही म्हणे.
टाय घातलेला फोटो आला तेव्हा आई म्हणाली,
काहून रे, गळा नाही आवळत का याचा?

मी खामला चौकात कूलर भरायचो.
खस, वुडवूल, पंप, पाती.
एक हेडाऊ विमानात, एक टिनात,
असं लोक म्हणत. म्हणोत.
दोघांचंही पोट हवेवरच होतं.

एकदा मे महिन्यात आला,
दुकानात माझ्याच पंख्यासमोर बसून सांगू लागला,
सेहेचाळीस डिग्रीला हवा पातळ होते, नान्या,
विमानाला धरायला काही उरत नाही.
मग वजन उतरवावं लागतं. माणसं, नाहीतर माल.
तू काय उतरवतो?
माल, म्हणाला. माल बोंबलत नाही.

ज्या वर्षी तो सगळ्यांच्या वर जाऊन बसला,
पेपरात अर्धा कॉलम, फोटोसकट,
त्याच वर्षी नागपूरची सकाळची फ्लाइट बंद झाली.
सही त्याची. मी काही बोललो नाही.
बाबा बोलले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हिशेब चोख.
किती कमी पडून राहिले होते?
एकशे ऐंशीतल्या एकशे चारच सीटा भरत, बाबा.
शहात्तर, बाबा म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
चौसष्ट साली आम्ही एका थैल्यासाठी विमान थांबवलं होतं.
दादा पोह्यावरची तर्री चमच्यानं बाजूला सारत राहिला.

नंतरचं सगळ्यांनी वाचलंच.
तेलाची उधारी, बँका, टीव्हीवर रोज त्याचं कपाळ.
जरीपटक्याची एक मुलगी आली दुकानात,
काउंटरवर होती त्याच्या कंपनीत.
साहेब तुमचे भाऊ ना?
पाच महिन्यांचा पगार, काका.
मी स्टूल दिलं, पाणी दिलं.
तिच्या घरचा कूलर त्या उन्हाळ्यात फुकट भरून दिला.
दादाला हे सांगितलेलं नाही.
सांगावं का, अजून ठरत नाही.

आता तो बेशाला राहतो. सकाळी दुकानात येऊन बसतो,
स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत लावतो,
मी न सांगता.
गिऱ्हाईक विचारतं, हे कोण हो बसून राहते?
वरून घरघर गेली की मान न उचलता म्हणतो,
हैदराबाद. अकरा मिनिटं.

परवा रात्री दीडला त्यानं दार वाजवलं.
स्कूटर काढ.
मी पासष्टीचा, झोप अजून तेवढीच प्यारी.
काढली.
शिवणगावच्या अंगाला, तारेच्या कुंपणापाशी उभे राहिलो.
पलीकडे निळे दिवे, आणि लांबवर कुणीच नाही.
त्यानं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.
चल ना दादा, म्हटलं.
थांब बे, म्हणाला,
मद्रासचं अजून यायचं आहे.

डास फार होते.
थांबलो.